सभासद ताई, पदाधिकारी भाऊ

कामाच्या ठिकाणची आणि कामगार संघटनांमधली स्त्री-पुरुष समानता, या विषयावर झालेल्या अभ्यासाबद्दल प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली पत्रे बहुतेक वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि भंडारा या जिल्ह्यांतल्या खेड्यांमधून आली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार कोणाचेही नाव, गाव किंवा संघटना छापलेली नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या संघटनेत सगळ्या सभासद स्त्रियाच आहेत. मात्र अध्यक्ष, सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष हे तिघेही पुरुष असून वर्षानुवर्षे तेच त्या पदांवर आहेत. मागच्या सभेत मी हा विषय काढला, तेव्हा "मंत्रालयात बोलायला कोण जाईन? तुम्हा बायाईले कायदा समजते काय?" असे उत्तर मिळाले. याविषयी काही अभ्यास झाला आहे काय, आणि राखीव पदांची मागणी करणे योग्य ठरेल काय? (एक अंगणवाडी सेविका, जि. वर्धा)

उत्तर : ताई, बाहेरच्या माणसाने कामगारांचे नेतृत्व करण्याची रीत आपल्याकडे संघटनांइतकीच जुनी आहे. गिरणीत तोंड उघडणाऱ्याचे काम दुसऱ्या दिवशी जात असे आणि अर्ज लिहिता येणारा माणूस खात्यात सहसा सापडत नसे, म्हणून वकील आणि राजकीय कार्यकर्ते पुढे आले. १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाने काही पदाधिकारी त्या उद्योगाबाहेरचे असू शकतील, अशी मुभाही दिली. त्या मुभेमागे त्या काळची गरज होती. ढीगभर नोंदवह्या सांभाळणाऱ्या आणि पोषण ट्रॅकरमध्ये रोजची माहिती भरणाऱ्या सेविकेच्या बाबतीत ती गरज आज कितपत उरली आहे, हे आपल्या पदाधिकाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.

अभ्यासाबद्दल सांगायचे तर रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या निरीक्षणावरून एक मुद्दा मांडला होता, आणि आजही चर्चा तिथूनच सुरू होते. एखाद्या गटात एका प्रकारच्या माणसांचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांपर्यंतच असेल, तर ती माणसे नमुन्यादाखल बसवलेली ठरतात. त्यांच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष जाते, त्यांची चूक त्यांच्यासारख्या साऱ्यांची चूक मानली जाते आणि त्यांच्या वाट्याला ठरावीक साच्यातली कामे येतात. आपल्याकडच्या कार्यकारिणीत स्वागत, हारतुरे आणि चहापाणी ही कामे कोणाकडे असतात ते आठवले, की या मुद्द्याला वेगळ्या पुराव्याची गरज भासत नाही. बीना अगरवाल यांनी भारत आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. कार्यकारी समितीत स्त्रियांचे प्रमाण चौथा ते तिसरा हिस्सा झाले, की त्यांची हजेरी आणि बोलणे दोन्ही लक्षात येण्याइतके वाढते, असे त्यांना आढळले. म्हणून एकट्या महिला उपाध्यक्षाची नेमणूक करून प्रश्न मिटला असे कोणी म्हणत असेल, तर ते मान्य करू नये.

राखीव पदांबाबत सर्वांत भक्कम पुरावा कामगार संघटनांमधून आलेला नाही. तो आपल्या ग्रामपंचायतींमधून आला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदे आळीपाळीने राखीव होऊ लागली. कोणते गाव राखीव होणार हे गावाच्या इच्छेवर अवलंबून नसल्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची प्रामाणिक तुलना करणे शक्य झाले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातल्या पंचायतींवरील अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे प्रमुखपद स्त्रीकडे होते, तिथे गावातल्या स्त्रिया ज्या गोष्टी मागत होत्या त्यांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, अधिक खर्च झालेला त्यांना दिसला. २००९ मधला दुसरा अभ्यास आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळचा आहे. पश्चिम बंगालमधील गावकऱ्यांना एकच भाषण कधी पुरुषाच्या, तर कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवून नेत्याची योग्यता विचारली गेली. ज्या गावांनी स्त्री-प्रमुख कधीच पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांनी तेच शब्द स्त्रीच्या तोंडून ऐकल्यावर तिला कमी गुण दिले. ज्या गावांनी असा अनुभव घेतला होता, तिथे हा दुजाभाव जवळजवळ दिसेनासा झाला होता. शिवाय दोन वेळा राखीव राहिलेल्या ठिकाणी पुढे खुल्या जागांवरही अधिक स्त्रिया निवडून आल्या. "बायाईले समजते काय" या प्रश्नाचे उत्तर युक्तिवादाने क्वचितच मिळते. बाई त्या खुर्चीवर बसलेली दिसली, की तो प्रश्न विचारणारे कमी होतात, एवढे या अभ्यासावरून निश्चित म्हणता येते.

तेव्हा मागणी योग्यच आहे, परंतु तिच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये तीन संघटना एकत्र येऊन युनिसन ही सार्वजनिक सेवेतल्या कामगारांची मोठी संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांत स्त्रियाच बहुसंख्य असल्यामुळे निवडून द्यायच्या पदांवरही त्यांचे प्रमाण सभासदसंख्येनुसार असावे, असा नियम तिने सुरुवातीपासून घटनेतच घातला. त्यामुळे स्त्रिया पदांवर आल्या. मात्र पदावर आलेल्या स्त्रियांना स्त्रियांचे प्रश्न एकत्रितपणे रेटता येतीलच, याची हमी त्या नियमाने दिली नाही, असे पुढील अभ्यासकांनी नोंदवले. विषयपत्रिका कोण ठरवतो, वाटाघाटीला कोण जातो आणि सभा केव्हा भरते, या तीन गोष्टी तशाच राहिल्या, तर बदलते ती फक्त खुर्चीवरची व्यक्ती.

यातल्या तिसऱ्या गोष्टीवर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तिला क्षुल्लक समजले जाते. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावी एका संघटनेच्या सभेला मी निमंत्रित होतो. सभा दुपारी दोनची होती, ती साडेतीनला सुरू झाली, पहिला तास सत्कारात गेला, आणि मागण्यांवर चर्चा सुरू होण्याच्या सुमारास मागच्या रांगांतल्या बाया एकेक करून पिशव्या उचलून निघाल्या, कारण त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी पावणेसहाची होती. दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात "ठराव सर्वानुमते मंजूर" असे लिहिले गेले, आणि ते खोटे होते असेही म्हणता येत नव्हते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात सहभागी असलेल्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात थोडे होते. ज्या सभेची वेळ हे पाच तास गृहीत धरत नाही, तिथे स्त्रियांची उदासीनता हा शब्द वापरणे अन्यायाचे आहे.

आपण पुढील पावले टाकू शकता. संघटनेच्या घटनेची प्रत मागवावी. पदाधिकारी कसे निवडावेत आणि घटना कशी बदलावी हे तिच्यात लिहिलेले असणे नोंदणीसाठी बंधनकारक असते. हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी पाहण्याचा सभासदाचा अधिकार १९२६ च्या कायद्यानेच दिलेला होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. तो वापरताना संकोच करू नये. घटनादुरुस्तीचा ठराव मांडताना पदांसोबत शिष्टमंडळाचाही उल्लेख करावा, म्हणजे शासनाशी होणाऱ्या प्रत्येक वाटाघाटीत किमान निम्म्या प्रतिनिधी प्रत्यक्ष काम करणाऱ्या सेविका आणि मदतनीस असतील. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यभर जो संप झाला, तो ज्यांनी चालवला त्यांना वाटाघाटीची भाषा कळत नाही, असे म्हणणे कोणालाही शोभणारे नाही. आपल्या कामाच्या मोबदल्याला "मानधन" म्हणतात आणि त्या शब्दाआडून बरेच हक्क नाकारले जातात. तरीही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला, हे आपल्या सभेत वाचून दाखवावे.

जाता जाता एक जुनी आठवण सांगतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गातील स्त्रियांची जी अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. गिरण्या आणि बिडी कारखान्यांतल्या स्त्रियांना रजा, दुखापतीची भरपाई व निवृत्तिवेतन मिळावे आणि गिरण्यांतल्या स्त्री कामगारांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमल्या जाव्यात, असे ठराव त्या परिषदेत झाले. ते मांडणाऱ्या बायांपैकी अनेकींना सही करता येत नसावी.

प्रश्न : माझी आई हंगामात जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) कामाला जाते. तिथे बायांची रोजी पुरुषांपेक्षा कमी आहे. मी ठेकेदाराला विचारले असता, "काम वेगळे आहे, म्हणून मजुरी वेगळी आहे" असे त्याने सांगितले. हे कायद्याने बरोबर आहे काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, जि. यवतमाळ)

उत्तर : ठेकेदाराचे उत्तर अर्धे बरोबर आहे. १९७६ च्या समान वेतन अधिनियमात "समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी" स्त्री-पुरुषांना समान मोबदला देण्याची सक्ती होती. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. समान स्वरूपाचे काम म्हणजे ज्याला लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे आणि जे सारख्याच परिस्थितीत केले जाते, असे काम. किरकोळ फरकांना व्यवहारात महत्त्व नसेल, तर ते धरायचे नाहीत. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले होते, की कामाची तुलना करताना दृष्टी व्यापक ठेवावी आणि मालकाची आर्थिक ऐपत नाही ही सबब चालणार नाही. संहितेत आणखी एक उपयोगी तरतूद आहे. समानता आणण्यासाठी कोणाचीही मजुरी कमी करता येत नाही, त्यामुळे "तुमच्यामुळे आमची रोजी घसरेल" ही पुरुष कामगारांना दाखवली जाणारी भीती निराधार आहे.

अडचण पुढे आहे. आपल्या आईच्या जिनात रेच्यांवर (सरकी काढणाऱ्या यंत्रांवर) कापूस टाकणे, कवडी (किडका, खराब कापूस) आणि कचरा वेगळा करणे, सांडलेली रुई गोळा करणे ही कामे बायांकडे असतील, आणि प्रेसवर, गाठी बांधण्यावर व हमालीवर पुरुष असतील. दोघांची कामे इतकी वेगळी ठेवली की तुलना करायला समोर कोणी उरतच नाही. अर्थशास्त्रज्ञ हायडी हार्टमन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते, की कामांची ही विभागणी मालकांनी एकट्यांनी केलेली नाही. ती टिकवण्यात पुरुष कामगारांच्या संघटनांचाही हात होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या शंभराव्या करारात म्हणूनच "समान मूल्याचे काम" असा शब्दप्रयोग आहे. भारताने तो करार १९५८ मध्ये मान्य केला, मात्र आपल्या कायद्यातली भाषा अजूनही "समान स्वरूपाचे काम" इथेच थांबलेली आहे. या दोन शब्दांमधल्या अंतरात जिनातल्या बायांची मजुरी अडकलेली आहे.

मूल्य ठरवायचे कसे, हा पुढचा प्रश्न आहे. पाठीवर गाठ उचलणाऱ्याचे श्रम दिसतात आणि त्याला "जड काम" म्हणतात. दिवसभर उडत्या रुईत उभे राहून कवडी ओळखून वेगळी करणाऱ्या बोटांचे आणि डोळ्यांचे कौशल्य दिसत नाही, कारण ते "बायकांना येतेच" असे धरलेले असते. वावरातही हेच चालते. डवरा आणि वखर पुरुषाच्या हाती असतो, निंदण आणि वेचणी बायांकडे असते. वेचणीत किलोवर मजुरी ठरलेली असल्यामुळे तिथे भेदभाव नाही असे वरवर वाटते. परंतु सकाळी दवाने ओला कापूस किती भरतो, शेवटच्या वेच्यात पऱ्हाटीवर बोंडे किती उरतात आणि काटा कोणाच्या हातात असतो, यावर त्या बाईचा दिवस ठरतो. नांगर वापरणाऱ्या शेतीत स्त्रियांचे स्थान का घसरते, याबद्दल एस्टर बोसेरप यांनी १९७० मध्ये केलेली मांडणी आजही वादाचा विषय आहे, आणि कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ती पूर्ण पटत नाही, कारण इथे पिकाचे बहुतेक मनुष्यबळ स्त्रियांचेच असते आणि तरीही मजुरी ठरवताना त्यांचे नाव शेवटी येते.

आपण तूर्त दोन गोष्टी कराव्यात. जिनिंग व प्रेसिंग हा किमान वेतन लागू असलेला उद्योग आहे आणि त्यातले दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे ठरतात, स्त्री-पुरुष असे ठरत नाहीत. तेव्हा आईला निदान तिच्या वर्गाचा दर मिळतो काय, हे आधी तपासावे. दुसरे म्हणजे दररोजची तारीख, तास, काम आणि मिळालेली रक्कम एका वहीत लिहून ठेवावी आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या चार-पाच जणींनाही तसे करायला सांगावे. जिनात वीस किंवा अधिक कामगार असतील, तर औद्योगिक संबंध संहितेनुसार तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि तिच्यात स्त्रियांचे प्रमाण कामगारांमधल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी असता कामा नये. ठेकेदारांनी या समितीचे नाव ऐकले नसेल, तर त्यांना ते ऐकवण्याचे काम आपल्यासारख्या शिकलेल्या मुलाचे आहे.

प्रश्न : मी बिडी कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे काम करीत आहे. हल्ली प्रत्येक शिबिरात स्त्रियांचा प्रश्न वेगळा काढला जातो. त्यामुळे कामगारांच्या एकजुटीत फूट पडते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपले मत काय? (एक ज्येष्ठ कार्यकर्ते, जि. भंडारा)

उत्तर : आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. फूट पडते ही भीती खरी आहे, परंतु इतिहास पाहिला तर फूट बहुधा प्रश्न काढल्यामुळे पडलेली नाही, तो टाळल्यामुळे पडली आहे. अहमदाबादच्या मजूर महाजनाच्या, म्हणजे तिथल्या कापड गिरणी कामगारांच्या संघटनेच्या, उभारणीत अनसूया साराभाई या स्त्रीचा मोठा वाटा होता. त्याच संस्थेच्या महिला शाखेतून इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सेवा ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना काढली. तिची नोंदणी करताना या बायांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध, असा आक्षेप आला होता. पुढे १९८१ मध्ये मजूर महाजनाने सेवेला बाहेर काढले. आरक्षणविरोधी दंगलीच्या वेळी सेवेने दलितांच्या बाजूने घेतलेली भूमिका हे त्याचे निमित्त होते. सप्टेंबर २०१५ मध्ये केरळातल्या मुन्नारच्या चहामळ्यांतील स्त्रियांनी बोनस घटवल्याबद्दल रस्ता रोखला, तेव्हा त्यांनी प्रस्थापित संघटनांच्या पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिले नाही. त्या स्त्रिया अनेक वर्षे त्याच संघटनांच्या वर्गणीदार होत्या. आपल्याला न कळवता आपल्या नावाने तडजोडी होतात, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यांच्या आंदोलनाला "पेंपिळै ओरुमै", म्हणजे स्त्रियांची एकजूट, असे नाव मिळाले.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९२० च्या दशकात तिथल्या कामगारांमध्ये स्त्रिया सुमारे पाचवा हिस्सा होत्या आणि त्या मुख्यतः रिळे व बॉबिन भरण्याच्या खात्यांत काम करीत. नवी यंत्रे आली, पाळ्या वाढल्या आणि रात्रपाळीला स्त्रियांना मनाई असल्यामुळे (ती पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ मध्येही राहिली) त्या हळूहळू बाहेर ढकलल्या गेल्या. राधा कुमार यांच्या संशोधनातून दिसते, की कुटुंबाचा पोशिंदा पुरुष असतो या समजुतीला मालक, सरकार आणि संघटना या तिघांनीही आधार दिला. स्त्रियांच्या संरक्षणासाठी आणलेले नियम त्यांना कामावरून काढण्याचे सोयीचे कारण ठरले. त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचा पुरस्कार केला होता, आणि मध्य प्रांतातही १९३० मध्ये तसा कायदा झाला. स्त्री कामगारांसाठी वेगळा कायदा मागितल्यामुळे कामगार चळवळ दुबळी झाली, असे त्यावरून कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

आपल्या क्षेत्रात तर बिडी वळणारे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. हजारी दर वाढवण्याची मागणी आपण तीस वर्षे लावून धरलीत, याचे श्रेय आपल्याला आहेच. परंतु पाने कमी तोलून देणे, वळलेल्या बिडीतून छाट काढून मजुरी कापणे आणि बाईने वळलेली बिडी घरातल्या पुरुषाच्या कार्डावर लावणे, हे विषय आपल्या मागणीपत्रात कितव्या क्रमांकावर होते, ते एकदा जुन्या फायली काढून पाहावे. शेवटची तक्रार तर मालकाविरुद्धही नाही. कार्ड ज्याच्या नावावर, भविष्य निर्वाह निधीही त्याच्याच नावावर. हा प्रश्न संघटनेने विचारला नाही, तर तो विचारायला दुसरे कोणी येणार नाही. मोठ्या केंद्रीय संघटनांनीही हे उशिरा का होईना ओळखले. सिटूने १९७९ मध्ये श्रमिक स्त्रियांसाठी स्वतंत्र समन्वय समिती स्थापन केली, आणि आयटकच्या सरचिटणीसपदी अमरजीत कौर २०१७ मध्ये आल्या, म्हणजे संघटनेच्या स्थापनेनंतर ९७ वर्षांनी.

प्रश्न : आम्ही दहा-बारा बाया कापूस वेचायला दुसऱ्या गावी जातो. गाडीत नेणारा माणूस लगट करतो. आमचे ना ऑफिस, ना कारखाना. तक्रार कुठे करावी? (एक शेतमजूर भगिनी, पत्र मुलीच्या हातून लिहिलेले)

उत्तर : ताई, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शेत हेही कामाचे ठिकाण आहे आणि मालकाने किंवा त्याच्या वतीने पुरवलेली गाडीसुद्धा कामाच्या ठिकाणातच मोडते. जिथे दहापेक्षा कमी कामगार आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तालुक्याला त्यासाठी एक समन्वय अधिकारी नेमलेला असतो. तो तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल, तर लिहून देण्याची मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. पोलिसांत जाण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तोही खुला आहे. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या १९९७ च्या विशाखा निकालातून आला, त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या खेड्यात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर (सरकारी महिला कार्यक्रमाच्या गावपातळीवरील कार्यकर्तीवर) झालेला अत्याचार होता. तेव्हा खेड्यातल्या बाईसाठी हा कायदा नाही, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. शक्यतो दोघी-तिघींनी सोबत जावे आणि तारखा आठवून आधीच लिहून ठेवाव्यात.

प्रश्न : मी अमरावती विद्यापीठात पीएच.डी.साठी "ग्रामीण विदर्भातील कामगार संघटनांमधील स्त्रियांचा सहभाग" हा विषय घेतला आहे. प्रश्नावली सोबत जोडली आहे. अभ्यासपद्धतीबद्दल मार्गदर्शन करावे. (एक संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : विषय चांगला आहे, परंतु "सहभाग" हा शब्द फसवा आहे. आपल्या प्रश्नावलीत सभासद आहात काय, वर्गणी भरता काय आणि मोर्चाला गेला होता काय, असे तीन प्रश्न आहेत. या तिन्हींना "होय" म्हणणाऱ्या बाईचा संघटनेत काडीचाही अधिकार नसू शकतो, हे याच सदरातल्या पहिल्या पत्रावरून आपल्या लक्षात येईल. त्याऐवजी आपण प्रत्यक्ष सभांना बसावे. कोण किती मिनिटे बोलले, कोणाचे बोलणे मध्येच तोडले गेले आणि इतिवृत्तात कोणाचे म्हणणे उतरले, याची नोंद करावी. मागील दहा वर्षांची मागणीपत्रे आणि त्यांनंतर झालेले करार समोरासमोर ठेवावेत. पाळणाघर, स्वच्छतागृह, प्रसूतिरजा या मागण्या पत्रात असतात. वाटाघाटीच्या अखेरच्या रात्री त्यांपैकी किती सोडून दिल्या जातात, हे शोधणे हेच मला या विषयातले खरे संशोधन वाटते. सिंथिया कॉकबर्न या ब्रिटिश अभ्यासिकेने समानतेच्या आखूड आणि लांब अशा दोन कार्यक्रमांतला फरक केला होता. नेमणुकीतला उघड पक्षपात दूर करणे हा आखूड कार्यक्रम, आणि संस्थेची रीत व सत्तेची वाटणी बदलणे हा लांब कार्यक्रम. आपल्या संघटना यांपैकी कुठे आहेत, हे मागणीपत्रांवरून बरेचसे कळेल.

आकडेवारी वापरताना सावध राहावे. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ४७.६ टक्के झाला. ही वाढ पाहून समानता जवळ आली असा निष्कर्ष काढू नये, कारण तिचा मोठा भाग स्वयंरोजगारातला आहे आणि त्यात घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनमोबदला राबणाऱ्या स्त्रियाही मोजलेल्या आहेत. मजुरीतली तफावत मोजण्यासाठी ओआक्साका आणि ब्लाइंडर यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत आपण वापरणार असल्याचे लिहिले आहे. ती तफावतीचे दोन भाग करते, एक शिक्षण, अनुभव वगैरेंनी समजावता येणारा आणि दुसरा न समजावता येणारा. या दुसऱ्या भागाला थेट भेदभाव म्हणण्याची घाई करू नये, आणि पहिला भाग भेदभावापासून मुक्त आहे असेही समजू नये, कारण मुलीला सातवीनंतर शाळेतून काढले जाते तेव्हाच ती तफावत सुरू झालेली असते. अश्विनी देशपांडे आणि सहकाऱ्यांनी पगारी नोकरदारांवर केलेल्या अभ्यासात भारतातली तफावत वरच्या पगारांपेक्षा खालच्या थरात अधिक असल्याचे दाखवले आहे. उच्चपदस्थ स्त्रियांना अडवणाऱ्या अदृश्य छताची चर्चा आपल्याकडे फार होते. तळाशीच पाय रुतून बसलेल्या बायांची त्या मानाने होत नाही.

प्रश्नावलीतल्या भाषेबद्दलही दोन शब्द लिहितो. "आपण कोणता व्यवसाय करता?" या प्रश्नाला खेड्यातली बाई "काही नाही, घरीच असतो" असे उत्तर देते आणि त्याच दिवशी ती सहा तास निंदणाला गेलेली असते. तिला कालच्या दिवसाबद्दल विचारावे. उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केले, हे तिच्याकडून क्रमाने ऐकावे, म्हणजे काम आपोआप पुढे येईल. मुलाखत शक्यतो वावराच्या धुऱ्यावर किंवा पाण्याच्या ठिकाणी घ्यावी, कारण घरी घेतल्यास उत्तरे बहुधा सासरा किंवा नवरा देतो. आणि आपल्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न "पतीचे नाव व व्यवसाय" असा आहे. तो शेवटी टाकावा. काढूनच टाकला तरी अभ्यासाचे काही बिघडणार नाही. सुधारलेली प्रश्नावली दिवाळीपूर्वी पाठवलीत, तर मी ती पुन्हा वाचून देईन.